पुढलं कडवं

रविवारी दुपारी लिंबायतच्या एका हॉलमध्ये अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम होता. मुलाची पाळी मिलमध्ये होती, म्हणून धुरपदाबाई गुजराती सुनेलाच सोबत घेऊन आल्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासू-सुना आपसात हिंदीतच बोलत. "बिचारीले काय समजाव शे," असं शेजारणीला सांगून त्यांनी कृपालीच्या हातात वेफरचं पाकीट ठेवलं.

ढोलकी तापली. धुळ्याहून आलेल्या गायिकेनं विहिणीची टिंगल करणारं गाणं धरलं आणि मध्येच थांबून माईक लोकांकडे वळवला. "पुढलं कडवं कोनले येस?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात कृपाली चक्क खुर्चीवर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात कडवं म्हणून मोकळी झाली. एक नाही, तीन, तेही मानेच्या झटक्यासकट! हॉल शिट्ट्यांनी दणाणला. धुरपदाबाईंना काय करू नि काय नको असं झालं. सुनेला ओढत त्या स्टेजपुढं गेल्या आणि पदर खोचून तिच्याशी फुगडीच धरली.

"माय वं! हाई तुले कसं येस?"

"तुमीच तर भाकरी थापताना रोज म्हनतस, आई!"

धुरपदाबाई खदखदून हसल्या. आणखी दोन गिरक्या झाल्या, आणि त्यांचे पाय एकदम अडखळले.

"मंग... मी बहीनले फोनवर रोज तुनाबद्दल जे सांगस, ते?"

कृपालीनं त्यांचे हात आणखी घट्ट धरले, फुगडीचा वेग वाढवला आणि हसत ओरडली, "समदं समजस, आई!"