चढा मध्यम

म पुन्हा चढला.

तिने बासरी ओठांपासून दूर केली आणि फरशीकडे पाहिलं. खालून काही आवाज आला नाही.

सा, रे, ग सरळ येत होते. एकेक बोट उचललं की स्वर मोकळा होत होता. म तसा नाही. त्याच्यासाठी पहिलं भोक अर्धंच उघडायचं. बोट उचलायचं नाही, नुसतं कलतं करायचं. तिचं बोट केसभर जास्त कलायचं आणि सगळे शुद्ध स्वर शहाण्यासारखे ओळीत उभे असताना हा एकटा टाचा उंचावून बघायचा.

बाबांचाही असाच चढायचा. मग खालच्या मजल्यावरून छताला छत्रीचं टोक लागायचं, ठक. बाबा वाजवता वाजवताच टाच दोनदा फरशीवर आपटायचे. म्हणजे कळलं, कळलं. ते आपटायला विसरले की खालून ठकठक चालूच राहायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, उत्तर द्या त्यांना!"

बाबा गेल्यावर बासरी तिने हातात घेतली, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. छत्री गप्पच होती. भेटायला येणारी माणसं तिच्याशी जशी आवाज खाली आणून बोलत, जिन्यात तिला पाहिलं की हसणं गिळत, तसंच हेही असणार. तिला त्याचा वीट आला होता.

या वेळी तिने बोट मुद्दाम जास्तच कलतं केलं. बहिराही खुर्चीतून उठला असता. खाली सगळं शांत.

ती बासरी हातात घेऊनच जिना उतरली.

खालचे काका मुद्रितं तपासायचे. छापखान्यातून निवृत्त झाल्यावरही काम घरी आणायचे. बाबा त्यांना 'शुद्धिपत्र' म्हणायचे, तेही तोंडावर. दार उघडंच होतं. टेबलावर कागद पसरलेले, काकांच्या हातात लाल पेन. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी छत्री टेबलाला टेकवलेली होती.

"काका, हल्ली ऐकू येत नाही का?"

"येतं की. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत."

"मग ठोकत का नाही? म चुकतोय माझा."

"चुकतोय ना. चांगला चढतोय."

"मग?"

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि वर पाहिलं. तिनेही पाहिलं. टेबलाच्या बरोबर वर, पांढऱ्या छतात, देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते. एके ठिकाणी ते इतके दाटले होते की गिलावाच निघून आला होता. वर त्याच जागी बाबांची खुर्ची होती.

"तू पहिल्यांदा वाजवलंस, तेव्हा उचलली होती मी छत्री," काका म्हणाले. "हात वर गेला आणि तसाच राहिला. म्हटलं, हा परत कधी आला?"

तिची नजर त्या खड्ड्यांवरच होती.

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. ही एक राहू दे म्हटलं." त्यांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ठोकलं तर तू सुधारशील. तो नाही सुधारला कधी, मुलखाचा हट्टी. पण तू सुधारशील. मग वर राहिलं कोण?"

पंख्याच्या वाऱ्याने एक कागद टेबलावरून सरकला. काकांनी तो तळहाताने दाबून धरला.

"वर मी राहते, काका," ती म्हणाली.

काका त्या कागदाकडेच बघत राहिले. ती वळली.

"तुझा नीसुद्धा काही फार धड नाही," मागून आवाज आला.

"मग त्यालाही ठोका."

"गिलावा माझ्या डोक्यात पडतो."

"पडू दे."

वर आई भांडी घासत होती. नळ चालू होता. कुठे गेली होतीस, असं आईने तिला विचारलं नाही. ती बाबांच्या खुर्चीत बसली, बासरी ओठांना लावली. सा. रे. ग. बोट कलतं केलं आणि त्याला जायचं तिथवर जाऊ दिलं.

म चढला.

ती थांबली. खाली काही नाही. खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही.

मग ठक.

इतकं हलकं, की छत्री आपटली नसावी, नुसती टेकवली असावी. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा जोरात. मग पूर्वीसारखं, चिडून, ठक, ठक. तिच्या तळपायांना ते फरशीतून लागत होतं. बासरी मांडीवर धरून ती तशीच बसून राहिली.

"अहो, उत्तर द्या त्यांना," आई आतून म्हणाली.

आणि नळ बंद झाला. भांडं खाली ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

तिने टाच उचलली आणि दोनदा फरशीवर आपटली.