नितळ खळगा

"ताप उतरला गं! बाबा शांत झोपलेत," फोनवर आईच्या आवाजात जीव आला होता. इकडे प्रयोगशाळेत लेकीच्या हातात चाचणीची, छोट्या छोट्या खळग्यांची ताटली होती. रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर जंतूंच्या कवचातल्या चरबीचा थेंब सोडायचा. पेशी चवताळल्या तर खळगा पिवळा होतो. बाकीच्यांचे खळगे पिवळेधमक होते. बाबांचा मात्र पाण्यासारखा नितळ. थेंब टाकायलाच विसरले असेन, या आशेवर तिने चाचणी पुन्हा केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःची चूक हवी होती. हाही खळगा नितळच निघाला. रक्तात शिरलेल्या जंतूंच्या त्याच चरबीचा मारा सोसून बाबांच्या पेशींनी हात टेकले होते. अंग तापवणारी लढाईच आत थांबली होती. "तू सावकाश ये, त्यांना झोपू दे," आई म्हणाली. लेकीने ॲप्रन ओरबाडून काढला. "आई, ती झोप नसेल, ग्लानी असेल. त्यांना उठव, जागं ठेव. मी निघालेच."