डब्यातलं अंगण

थप.

दुपारच्या शांततेत आतून आवाज आला आणि फ्रॉक शिवता शिवता सुई तिच्या बोटात रुतली.

सासऱ्यांनी मातीवर तळवे टेकले होते. अंगाला पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून नमाजाआधी हात-तोंड धुण्याऐवजी ते बिस्किटांच्या डब्यातल्या मातीवर हात टेकून तोंडावरून फिरवायचे. घर सोडून पळावं लागलं, तेव्हा त्यांनी अंगणातली ही एवढी मातीच फक्त उचलली होती.

ती माती आता डब्यात नव्हती. आठ दिवसांपूर्वी फरशी पुसताना बादली कलंडली, डबा आडवा झाला, आणि सगळं अंगण चिखल होऊन मोरीत गेलं. तिनं घाईघाईनं समोरच्या मोकळ्या जागेतली माती खणून आणली. पाहिलं फक्त तिच्या मुलीनं. तेव्हापासून ती थप, कुणी बंद दार ठोठावावं तशी, तिच्या पाठीत बसायची.

नमाज आटोपल्यावर हाक आली. "सूनबाई!"

ती आत गेली. मुलगी डब्यापाशी अनवाणी उभी होती, चपला उंबऱ्याबाहेर.

"बघ, नात माझी शहाणी आहे," सासरे म्हणाले. "मूसा पैगंबरांना अल्लाचा हुकूम झाला, वहाणा काढ, तू पाक, पवित्र दरीत उभा आहेस. हिला एकदाच सांगितलं. तुझ्या नवऱ्याला वीस वर्षं सांगत होतो."

ती हसली. त्यांनी डबा नाकाशी नेला.

"हा वास! अंगणच ते. मी गेलो की हीच माती डोक्याखाली घाला. परकी माती मला ओळखायची नाही."

आता नाही सांगितलं, तर कधीच नाही.

"अब्बा… अल्लानं आख्खी जमीनच मशीद केलीय, पाक केलीय, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"नमाजासाठी गं, बेटा. नमाज कुठेही होते." त्यांनी डबा पोटाशी धरला. "झोप घरीच लागते."

बघता बघता त्यांचा डोळा लागला.

ती बाहेर आली. मुलगी मागोमाग, अजून अनवाणीच. दोघी खिडकीशी थांबल्या. समोरच्या मोकळ्या जागेत कुणी गाडी वळवत होतं, कुणी थुंकून पुढे जात होतं. कडेला तिनं खणलेला खड्डा अजून तसाच होता.

"अम्मी," मुलीनं हळूच विचारलं, "आता तिथेही चपला काढायच्या का?"