माळ खुंटीला

अंकुशच्या मळ्यातल्या खोपीत मटण शिजलं की रावजीअण्णा गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवायचे आणि मगच जेवायला बसायचे.

"खाणारा येगळा, माळकरी येगळा," रस्सा ओरपत ते अंकुशला सांगायचे. "माळकरी तीस वर्षांत वशाटाला शिवलेला न्हाई."

आजही पोटभर जेवून, चूळ भरून ते खुंटीकडे वळले, तर खुंटी रिकामी होती. दोघांनी सगळी खोप उलटीपालटी केली, पण माळ सापडली नाही.

भर दुपारी अण्णा उघड्या गळ्यानं घरी आले. बायको, हौसाबाई, ओट्यावर बसून एक ताट घासत होती. ताटाला पिठलं चिकटलेलं होतं.

"कोण जेवलं गं?" अण्णांनी विचारलं आणि ते दारातून आत डोकावले. त्यांच्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, कुणीतरी गाढ झोपलं होतं. मानेवर तुळशीचे मणी दिसत होते.

हौसाबाईनं परक्यासमोर ओढावा तसा पदर पुढं ओढला.

"पाव्हणं, भाईरच थांबा," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्या तोंडाला वशाटाचा वास येतोय, आन् आमचं घर माळकऱ्याचं हाय."