पोटावरचा पांढरा ठिपका

मुलांनो, डोळे मिटा आणि करंगळीच्या पेराएवढं उंदराचं पिल्लू समोर आणा. कातडी इतकी पातळ, की दूध प्यायलं की पोटावर पांढरा ठिपका दिसतो. प्रयोगशाळेत वैजयंती तीन वर्षं रोज सकाळी हेच ठिपके बघत होती. काही उंदरिणींमध्ये तिनं एक जनुक गरजेपेक्षा जास्त कामाला लावलं होतं. त्यानं दुधाच्या ग्रंथींची वाढ खुंटते का, हे तिला शोधायचं होतं.

आज शाळेला सुट्टी म्हणून नऊ वर्षांची जुई आईबरोबर आली होती. पिंजऱ्यात डोकावून ती म्हणाली, “आई, हिच्या सातही पिल्लांना ठिपका नाही.”

वैजयंतीनं वाकून पाहिलं, वहीत लिहिलं आणि स्टुलावर बसली. “म्हणजे हिला दूधच आलं नाही. जमला बाई एकदाचा प्रयोग.” आनंद करायलाही तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

“जमला काय! उपाशी आहेत ती!”

“नोंद झाली, त्यांचं काम संपलं. संध्याकाळपर्यंत जातील बिचारी.”

“मग शेजारच्या पिंजऱ्यातली पाजेल की! तिच्या पिल्लांना ठिपके आहेत.”

“परक्या वासाचं पिल्लू ती जवळ घेत नाही गं,” म्हणत वैजयंतीनं डोळे मिटले.

जुईनं शेजारणीच्या घरट्यातला मूठभर भुसा उचलला आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्यात हलकेच घोळवू लागली.