कापसाचे बोळे

घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासणाऱ्या ताईंचा जीव शेजारच्या टीव्हीने दोन वर्षं नकोसा करून सोडला होता. सकाळी आठला तो असा दणकायला लागायचा, की भिंतीवरचं कॅलेंडरही थरथरायचं. एकेक ओळ तीनतीनदा वाचावी लागे. पण ताई तक्रार करायला गेल्या, तेव्हा शेजारच्या सुनेने डोळ्यांत पाणी आणून त्यांचे हात धरले होते. "काय करू ताई, सासऱ्यांना अजिबात ऐकू येत नाही हो. तेवढाच त्यांचा विरंगुळा."

ताई विरघळल्या. त्या दिवसापासून त्या कानात कापसाचे बोळे घालून बसू लागल्या. खालच्या मजल्यावरचे भांडायला निघाले, तर त्यांनाच दटावलं, "म्हाताऱ्या माणसाचा तरी विचार करा!"

आज ते सासरे जिन्यात एकटेच भेटले. ताईंनी बोळे काढून हातात घेतले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "बरं आहे ना, आजोबा?"

आजोबांनी दचकून कठडाच पकडला. "अहो, हळू! मला चांगलं ऐकू येतं."

मग त्यांची नजर बोळ्यांवर गेली. चेहरा एकदम कळवळला. ते ताईंच्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द सुटा करत ओरडले, "टीव्ही कमी कर, म्हणून मी सुनेला रोज सांगतो! ती म्हणते, कशाला? त्यांच्या कानातला कापूस नाही का पाहिलात? ताई ठार बहिऱ्या आहेत!"