जगद्विख्यात जादूगाराची पेटी

जादूच्या पेटीत माझा डावा गुडघा टेकतो, तिथला रंग पार घासून गेला आहे. बाहेरच्या बाजूला मात्र ‘जगद्विख्यात जादूगार’ ही सोनेरी अक्षरं दर हंगामात नव्याने रंगवली जातात.

“जगद्विख्यात म्हणजे नेमकं काय हो?” मी एकदा ह्यांना विचारलं होतं.

“ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तो! तू आपले पाय नीट दुमडून घे.”

आज नाट्यगृहाच्या दारात पहारेकऱ्याने ह्यांना अडवलं. ह्यांनी स्वतःची ओळख करून दिली. मग आवाज चढवून पुन्हा एकदा करून दिली.

“असाल हो, पण तिकीट?” एवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो ताडकन उठला. “अहो वहिनी, तुम्ही! दरवर्षी तुम्हाला करवतीने कापतात तेव्हा आमची ही डोळे गच्च मिटून घेते. या, या! हे तुमच्याबरोबर आहेत का?”

“आहेत. सोडा त्यांना.”

रंगपटात ह्यांनी नेहमीसारखं पेटीचं झाकण उघडून धरलं. “चल, शीर आत.”



गुडघा दुखायला लागल्यापासून ओठांवर अडून बसलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं, “आजपासून पेटीत तुम्ही. करवत मी धरते.”